हलता आकडा

मी बावीस वर्षं सुर्ल्याजवळच्या एका खाणीच्या वजनकाट्यावर बसलो, आणि त्या बावीस वर्षांत एकदाही हलता आकडा लिहिला नाही.

हे मी फुशारकीने सांगत नाही. (थोडं फुशारकीनेच सांगतो आहे.) खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा वरखाली नाचतो. तो थांबेपर्यंत पावती फाडायची नाही, हा नियम. बाकीचे कारकून आकडा जरा मंदावला की लिहून मोकळे व्हायचे. मी नाही! एकदा ट्रकच्या टपावर कावळा बसला होता, तर तो उडेपर्यंत मी थांबलो. मागे सतरा ट्रक, सतरा हॉर्न! आणि कावळ्याखालच्या ट्रकात कोण, तर आमचे तात्या. माझे सख्खे वडील.

"रे झिला, कावळ्याचा वजन ता किती असतला?" तात्या खिडकीतून ओरडले.

"ता माका ठावक नाय, म्हणानच थांबलंय!"

पुढे खाण बंद झाली. मी डिचोलीत एका गोदामात लागलो (पुन्हा काट्यावरच), आणि तात्या घरी बसले. म्हणजे बसले कसले! जुनी स्कूटर काढून रोज सकाळी बाजारात जायचे, चार उंडे (आमच्याकडचे गोल पाव) घ्यायचे आणि चाळीस गजाली सांगून परत यायचे. गेल्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नजर सहाला नऊ. उत्तम! गाडी खुशाल चालवा."

मी विचारलं, "पण पूर्ण नजर म्हणजे सहाला सहा ना?"

"हो, पण या वयाला नऊ म्हणजे…"

"म्हणजे तीनचा फरक आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे त्या सतरा ड्रायव्हरांसारखं पाहिलं. मी घरी येऊन स्कूटरची चावी माझ्या कपाटात ठेवून दिली.

तात्या काहीच बोलले नाहीत. पंचाईत तीच होती. तात्या भांडले की घर नीट चाललं आहे असं समजायचं. ते गप्प झाले की समजायचं, कुठेतरी काहीतरी मोडलं.

हे आमच्या तन्वीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या लक्षात आलं. नोकरीसाठी बेंगळुरूला जाण्याआधी तिने आपला गेम खेळायचा कम्प्युटर आणि भला मोठा मॉनिटर बाहेरच्या खोलीत मेजावर मांडला. मेजाला एक खरंखुरं स्टिअरिंग आवळलं, खाली पेडल ठेवली, आणि ट्रक चालवायचा एक गेम लावून आजोबांना समोर बसवलं. पहिल्या दिवशी तात्यांनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी आरसे कुठे आहेत ते विचारलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात हाक आली, "गो सुनंदा, हय डिझेल खय भरतत?" आणि माझ्या बायकोने मला सांगितलं, "तात्या परत कामार रुजू झाले हां!"

त्यांनी पार्से गावच्या गोपाळला फोनही केला. गोपाळ म्हणजे तात्यांच्या ट्रकवरचा अठरा वर्षांचा क्लीनर (अठरा वर्षांचा अनुभव असलेला, तो स्वतः आता पासष्टीचा आहे). "रे गोपाळ, मी परत गाडयेर बसलंय! ह्यो आयतार सोडून फुडच्या आयताराक चार वाजता ये, फेरी मारूया."

तन्वी बेंगळुरूला गेली, आणि दुसऱ्याच दिवशी मी मेज आवरलं.

हे वाक्य ध्यानात ठेवा. मला ते ध्यानात यायला नऊ दिवस लागले.

त्यानंतर तात्या स्टिअरिंगला शिवेनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, "कंटाळो इलो." शेवटी शुक्रवारी सुनंदाने मला मागच्या दारी बोलावलं.

"अहो, तात्यांका रस्तो मधीच कापल्यासारखो दिसता. डोळे परत गेले म्हणतत. तुमका सांगू नको म्हणाले."

"आणि काय म्हणाले?"

"म्हणाले, चावी काढून घेतल्यान ता बरोबरच केल्यान."

माझ्या एकूण आयुष्यात तात्यांनी मला बरोबर ठरवल्याची ही पहिली वेळ. एवढी नकोशी गोष्ट मला कुणी कधी दिली नव्हती.

मी स्वतः जाऊन ट्रक चालू केला. वळण घेतलं, आणि विजेचा खांब कमरेत तुटला! खालचा अर्धा एका जागी, वरचा अर्धा हातभर बाजूला. मी ओरडलो, "तात्या, माका पण दिसता! डोळे नाय, मॉनिटर बिघडलो हा!"

"माका बरा वाटाक सांगतंस," तात्या हळूच म्हणाले. "गोपाळाक फोन कर. माका बरा नाय म्हणान सांग. येव नको म्हण."

फोन करायचं काम सुनंदाने आपल्याकडे घेतलं.

शनिवारी सकाळी मी वही-पेन घेऊन तन्वीला व्हिडिओ कॉल लावला. तात्या कोपऱ्यात खुर्चीवर, आपला काही संबंध नाही असं दाखवत.

"पपा, सोपं आहे," ती म्हणाली. "मॉनिटर आपल्या ठरलेल्या ठेक्यात चित्र बदलतो. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा. कम्प्युटर मात्र जमेल तशी चित्रं पाठवतो. अर्धं जुनं चित्र दिसत असताना नवं आलं की मधोमध फाटतं. मॉनिटरने कम्प्युटरच्या चालीने चालावं अशी सोय आहे त्यात. मी ती चालू करून गेले होते. बंद कशी झाली?"

"आपोआप झाली असेल," मी म्हटलं. (मला तसं खरंच वाटत होतं.)

"बरं, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा. रिफ्रेश रेट दिसतोय?"

दिसत होता. पण त्याच्या वरच्या ओळीत आणखी एक यादी होती, आणि कोणतीही यादी मी वरून तपासत येतो. दाबलं. सगळा पडदा उलटा झाला! आकाश खाली, ट्रक वर. समोर एक उलटी चौकट आली, तिच्यात काहीतरी उलटं विचारलेलं आणि एक आकडा: पंधरा, चौदा, तेरा… बावीस वर्षांच्या नोकरीत आकडा माझ्याकडे बघून असा उतरत कधी आला नव्हता. तो शून्याला पोचला तर काय फुटेल या भीतीने मी पहिलं बटण दाबून टाकलं.

"पपा, काही दाबू नका, पंधरा सेकंदांत आपोआप सरळ होतं," तन्वी म्हणाली.

"मी दाबलं."

"काय दाबलंत?"

"बहुतेक… 'असंच ठेवा'."

कोपऱ्यातून आठवडाभरात पहिल्यांदा तात्यांचा मोठा आवाज आला. "तेहतीस वर्षां गाडी चालयलंय, एकदा पलटी होऊक नाय! तू मेजार बसान पलटी केलंस!"

पलटलेला ट्रक सरळ करताना मला मान उलटी करून वाचावं लागलं. पाऊण तास गेला आणि मान धरली. सुनंदाने गरम तेल आणलं. मग तन्वी म्हणाली, "आता मॉनिटरच्या मागे बघा. जाड वायर आहे ना? मी लावलेली?"

मागे बारीक वायर होती. पांढरी, सुबक.

"पपा, जाड काळी वायर कुठे गेली?"

आणि मला मेज आवरल्याचं आठवलं. मेजावर दोन वायरी होत्या. जाड वायर आखूड होती, ती भिंतीलगत नीट बसत नव्हती. बारीक वायरीने चित्र अगदी तसंच दिसलं, म्हणून मी जाड वायर काढून गुंडाळली आणि पेटीत ठेवली. वर चिठ्ठीही चिकटवली होती: "जादा वायर. उपयोग नाही. नग १."

पेटी आणली. चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर येणार नाही अशा बेताने वायर काढली.

"चिठ्ठी दिसली पपा," तन्वी म्हणाली. "आता ती लावा, मॉनिटरच्या मागचं बटण दाबून ती सोय चालू करा आणि विसरून जा. मला आता मीटिंग आहे!" (तिच्या नोकरीत शनिवारीही मीटिंग असते.)

मी वायर लावली, बटण दाबलं, सोय चालू केली. विसरलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मॉनिटरने आपल्या कोपऱ्यात एक लहानसा आकडा दाखवायला सुरुवात केली. एकाहत्तर. अठ्ठावन्न. त्र्याऐंशी. साठ! मी पेन उघडून थांबलो. पाच मिनिटं थांबलो. कावळा कुठेच नव्हता, तरी आकडा थांबेना.

मी सोय बंद केली. आकडा एकशे चव्वेचाळीसवर येऊन खिळला. चालू केली, नाचायला लागला. बंद केली, स्थिर. शेवटी वहीत "१४४, स्थिर" असं लिहून, खाली रेघ मारून मी गेम बंद केला आणि सुनंदाला सांगितलं, "झाला दुरुस्त!"

रविवारी चारच्या ठोक्याला फाटकात हाक आली. "वस्ताद!"

सुनंदाने गोपाळला फोन केला होता खरा. "दुपारचा जेवू नका, हय खास जेवण असा," असं सांगायला!

तात्या पांढरे पडले. पण गोपाळ दोन बस बदलून, पिशवीभर काजू घेऊन आलेला. जेवायलासुद्धा थांबेना. "आधी फेरी, मगे जेवण!" म्हणून थेट मेजाकडे गेला. तात्या स्टिअरिंगवर बसले. ट्रक निघाला, पहिलं वळण आलं, आणि तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"अरे वस्ताद, रस्तो फाटलो!" गोपाळ किंचाळला.

तात्यांनी डोळे उघडले. "तुका पण दिसता?"

"दिसता म्हणजे? तो बघा खांबो, दोन तुकडे! मी काय आंधळो?"

"मी पण नाय!" तात्या म्हणाले. इतक्या मोठ्याने की शेजारचा कुत्रा भुंकला. मग ते माझ्याकडे वळले. वळण्याची तऱ्हा जुनी होती, काट्यावरची. "रे, दुरुस्त केलंस म्हणालंस ना?"

"केलं होतं. पण चालू केलं की आकडा नाचतो. बंद केल्यावर बघा, एकशे चव्वेचाळीस! जरासुद्धा हलत नाही."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "रे झिला, काट्यार आकडो कित्याक थांबता? गाडी उभी असता म्हणान! रस्त्यार चढ इलो की इंजिनाचो आवाज बदलता, उतार इलो की बदलता. चालत्या गाडयेत कायच हलला नाय, तर ती गाडी नाय, ती शेड! चालू कर ता!"

मी चालू केलं. आकडा नाचायला लागला. बासष्ट, एकोणऐंशी, छप्पन्न… आणि रस्ता सांधला गेला. खांब एकसंध उभे राहिले. तात्यांनी वळण घेतलं, घाट चढवला, आणि गोपाळ मेजाच्या बाजूवर थापा मारत ओरडायला लागला, "येव दे, येव दे, येव दे… बस!" मॉनिटर प्रत्येक थापेला हलत होता. मी "मेज हलतंय" असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

जेवण झालं, काजू फुटले, गजाली संपेनात. साडेपाचला गोपाळ बससाठी उठला. मी कपाटातून चावी काढून तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

"सहाक नव," तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. "फरक तिनाचो असा."

"असूंदे," मी म्हटलं. "हलतो आकडो असा तो."

स्कूटर गेली. बसस्टँड फार लांब नाही. मी फाटकात उभा राहिलो. पंचवीस मिनिटं लागली. (मी घड्याळ अठरा वेळा पाहिलं, तेही नोंदवून ठेवलं आहे.) तात्या परत आले ते उंडे घेऊन. गोपाळला सोडून बाजारात गेले होते.

मधल्या वेळात मी वहीतली "१४४, स्थिर" ही नोंद खोडून खाली नवी लिहिली होती: "हलतो. बरोबर आहे." तात्यांनी वही उचलली. चष्मा लावायचे कष्ट न घेता हातभर लांबूनच ती नोंद वाचली.

"बावीस वर्षांतली तुझी पयली बरोबर पावती," ते म्हणाले, आणि पावतीवर ड्रायव्हर करतो त्या जागी सही करून वही माझ्या हातात दिली.

मग चार पावलं गेले, थांबले, आणि तिथूनच म्हणाले, "वयल्यान तारीख कालची घातलंस हां."