सासूबाईंनी शिवलेले चार स्कर्ट

जावयाने सासूबद्दल चार चांगले शब्द लिहिले की लोकांना वाटतं, याला काहीतरी हवं असणार. मला काही नको. त्यांच्याकडे होतं ते एकमेव रत्न मी सोळा वर्षांपूर्वीच घरी आणलंय. लिहितोय ते एवढ्यासाठी, की यंदा आमची मुलं परदेशात शर्यतीला जाऊन आली आणि तेव्हापासून जो तो माझी पाठ थोपटतोय. पाठ चुकीची आहे.

मी शाळकरी मुलांना कॅनो स्लॅलम शिकवतो. खळाळत्या पाण्यावर तारेला खांब टांगलेले असतात, दोन खांबांचं एक फाटक. अरुंद बोट त्या फाटकांतून काढायची, काही प्रवाहाबरोबर, काही प्रवाहाच्या उलट. खांबाला स्पर्श झाला की दोन सेकंद दंड, फाटक चुकलं की पन्नास. बोटीच्या ज्या तोंडातून मूल आत बसतं, त्यावर रबरी कापडाचा घेर ताणून बसवतात. तो कमरेला घातलेला असतो म्हणून आम्ही त्याला स्कर्ट म्हणतो. सासूबाई झाकण म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. झाकण घट्ट असेल तर बोट उलटली तरी आत पाणी येत नाही, आणि मूल वल्ह्याच्या एका फटक्यात पुन्हा सरळ होतं. झाकणाला पुढे एक पट्टी असते. ती ओढली की झाकण सुटतं, मूल बाहेर पडतं आणि शर्यत संपते. पट्टीला हात लावायचा नाही, हे मी मुलांना पहिल्या दिवसापासून बजावतो. ओढेल तो भित्रा.

सासूबाईंचं दुकान बसथांब्यासमोर, किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये अंग चोरून उभं आहे. बॅगांच्या चेन, स्कूटरच्या सीटची कव्हरं, छत्र्या, रेनकोट. सासरे लवकर गेले, तेव्हापासून त्यांनी इथल्याच शिलाई मशीनवर घर चालवलं आणि मुलीला शिकवलं. बोलताना तोंडात दोरा धरायची त्यांना सवय आहे, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं समोरच्याने समजून घ्यायचं असतं. अकरा वर्षांपूर्वी मी एक फाटका स्कर्ट त्यांच्याकडे टाकला आणि म्हणालो, जमलं तर बघा. जावयाने "जमलं तर" म्हणावं, हे त्यांना चांगलंच झोंबलं. आठवड्याने त्यांनी जुना दुरुस्त करून दिला आणि शेजारी एक नवा शिवून ठेवला. तेव्हापासून आमच्या सगळ्या मुलांचे स्कर्ट त्याच शिवतात. कडा आधी गोंदाने चिकटवायच्या आणि मग सुई कापडाच्या अर्ध्या जाडीतूनच न्यायची, आरपार टाका गेला तर तिथून पाणी आलंच, हे त्यांनी कोणालाही न विचारता शोधून काढलं होतं. तयार झालेला स्कर्ट त्या चार स्टुलांना उलटा बांधतात, त्यात बादलीभर पाणी ओततात आणि खाली वर्तमानपत्र पसरतात. सकाळी कागदावर एक जरी डाग दिसला, तर सगळं उसवायचं. मी मुलांची परीक्षा एवढी कडक घेत नाही.

आता टाचणी, माझ्याकडे शिकणारी एक मुलगी. बारीक, ताठ आणि टोचेल असं बोलणारी, म्हणून टाचणी. गेल्या वर्षी गावच्या शर्यतीत तिसऱ्या फाटकाशी तिची बोट उलटली, स्कर्ट सुटला, बोटीत पाणी भरलं आणि पोरगी खडकावर आपटली. खांदा निखळला. काठावर आणल्यावर ती एवढंच म्हणाली, "आपोआप सुटला." सगळ्यांनी वळून शर्यत बघायला आलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, त्यात मीही होतो.

सासूबाईंनी तो स्कर्ट घरी नेला. तीन दिवस त्या भिंग लावून त्याची शिवण न् शिवण बघत होत्या. दोष सापडेना, तेव्हा इलॅस्टिक वाईट असणार असं ठरवून त्यांनी आख्खं रीळ कचऱ्यात टाकलं. मग टाचणीच्या घरी जाऊन तिच्या आईची माफी मागून आल्या. मला म्हणाल्या, "पोरीनं माझ्या भरवशावर पाण्यात उडी घेतली होती." मी समजूत घालायला गेलो तर पुन्हा तोंडात दोरा धरला. विषय संपला.

खांदा बरा झाला आणि टाचणी परत आली. वेग तसाच, पण उलटण्याचा सराव आला की हिचं काहीतरी निघायचं. आज कान दुखतोय, आज गृहपाठ राहिलाय. खोल लाटेचं फाटक दिसलं की ती लांबून वळसा घालायची. सासूबाई हल्ली सरावाला येऊन काठावर बसत, आणि त्यांना ते दिसत होतं. त्यामुळे परदेशच्या शर्यतीसाठी निवडलेल्या चार मुलांत टाचणी आली, मुलींबरोबर कोणी बाई हवीच असा नियम निघाला आणि बायकोला रजा मिळेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी येते." विमान त्यांनी फक्त आकाशात पाहिलं होतं. पासपोर्टच्या अर्जावर कारकुनाने व्यवसाय म्हणून "गृहिणी" लिहिलं. त्यांनी तो कागद परत सरकवला आणि "शिवणकाम" लिहून होईपर्यंत खिडकी सोडली नाही. मागे रांग खोळंबली होती. मी ओळख दाखवली नाही.

विमानतळावर त्यांच्या बॅगेतला गोंदाचा डबा काढून घेतला. गोंद पेट घेतो, विमानात चालत नाही. "मग बॅग कोण चिकटवणार, फाटली तर?" असं त्यांनी त्या तपासनिसाला विचारलं. त्याने पुढची बॅग ओढली.

आणि मग माझी कामगिरी. स्वतःच्या बोटी विमानाने नेणं परवडत नाही, म्हणून तिथल्या बोटी भाड्याने घ्यायच्या होत्या. अर्ज मी भरला. लांबी लिहिली, वजन लिहिलं, मुलांची उंची लिहिली. बोटीच्या तोंडाचं माप विचारायचं राहिलं. बुधवारी दुपारी तिथल्या शेडमध्ये पहिली बोट खाली घेतली, स्कर्ट चढवायला गेलो, तर तो चार बोटं कमी. दुसऱ्या बोटीचीही तीच कथा, तिसरीची आणि चौथीचीही. शेडमध्ये भाड्याचे स्कर्ट होते, पण मोठ्या माणसांच्या कमरेचे. टाचणीच्या अंगावर तो ठेवला तर आत आणखी एक टाचणी मावली असती. तिच्या चेहऱ्यावर मला सुटका झाल्यासारखं दिसलं, आणि तेच मला जास्त लागलं. सासूबाईंनाही ते दिसलं.

त्यांनी मापाची टेप काढली, चारही तोंडं मोजली आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा तो नवा काळा सूट आणा."

तो माझा पाण्यात घालायचा रबरी वेटसूट होता. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला, फक्त एकदा भिजलेला. मी म्हणालो, दुसरं कापड मिळेल का बघू. त्या म्हणाल्या, बघा. मी तासभर हिंडून हात हलवत परत आलो. तोवर सुटाचे दोन्ही पाय गुडघ्यावरून छाटून झाले होते आणि पट्ट्या मापाप्रमाणे टेबलावर मांडलेल्या होत्या. त्या सुटाची आता हाफ पँट झाली आहे. मी वापरतो.

राहिला प्रश्न गोंदाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन निघाल्या आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानापाशी थांबल्या. आत गोंदाचा वास येत होता, त्या वासावरच थांबल्या होत्या. दुकानदार त्यांच्याच वयाचा, बोटांना काळे डाग. भाषेच्या नावाने दोघांकडे शून्य. सासूबाईंनी पट्टी दाखवली, सुई अर्ध्या जाडीतून नेऊन दाखवली. त्याने ती शिवण उजेडाकडे धरली, मागून बघितली, टाका दिसला नाही तेव्हा मान डोलावली. मग आपल्या बाकावरचे बूट एका हाताने बाजूला सारले आणि गोंदाचा डबा उघडला. मी काहीतरी मदत करायला गेलो, तर दोघांनी एकाच वेळी मला हाताने दूर केलं. संध्याकाळपर्यंत चार घेर वाढवून झाले. तो पैसे घेईना. शेवटी सासूबाईंनी त्याच्या एप्रनचा फाटलेला खिसा शिवून दिला आणि फिटंफाट केली.

वसतिगृहाच्या खोलीत चार खुर्च्यांना स्कर्ट बांधून पाण्याची परीक्षा झाली. चारही पास झाले, पण सासूबाई खूश दिसत नव्हत्या. "गळत नाही हे मला कळलं," त्या म्हणाल्या, "तिला कुठं कळलंय?"

शनिवारी शर्यत. तिथली नदी माणसांनी केलेली, सिमेंटचा नाला आणि वरून पंपाने सोडलेलं पाणी. पंपाचं कळल्यावर सासूबाईंनी विचारलं, टाचणीची पाळी आली की जरा कमी करायला सांगता येईल का. मी हसलो. त्यांनी ते विनोद म्हणून विचारलं नव्हतं.

पहिल्या फेरीत टाचणी सात फाटकं सुंदर गेली. आठवं फाटक खोल लाटेखाली, प्रवाहाच्या उलट. यावेळी तिने वळसा घातला नाही, सरळ आत शिरली आणि उलटली. बोटीची पांढरी पाठ वर आली. मी मोजू लागलो. एक. दोन. माझ्या दंडात कोणाची तरी नखं रुतली होती, त्या सासूबाई होत्या. तीन. चार. मला माहीत होतं, पाचाला स्कर्ट सुटणार. पाचाला पाण्यातून वल्ह्याचं पातं वर आलं, फटका बसला आणि टाचणी नाकातोंडातून पाणी गाळत सरळ झाली. आठवं आणि नववं फाटक चुकलं. उरलेली तिने वेड्यासारखं वल्हवत पूर्ण केली. चौतिसांत एकतिसावी.

आम्ही धावत खाली गेलो. ती अजून बोटीतच बसली होती. सासूबाईंनी स्कर्टची कड थोडी उचलली आणि आत कोपरापर्यंत हात घातला. तळाशी ओंजळभरसुद्धा पाणी नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. आणि ते बघून टाचणी रडायला लागली.

"आजी, गेल्या वर्षी तो सुटला नव्हता," ती म्हणाली. "मी ओढला होता. मला भीती वाटली. सर ओरडतील म्हणून मी खोटं बोलले."

सासूबाई ओल्या सिमेंटवरच बसल्या. वर्षभराचं ओझं असं एका वाक्यात उतरलं की माणूस आधी खालीच बसत असेल. त्या चिडतील असं मला वाटलं, चिडण्याचा त्यांना हक्क होता. त्यांनी टाचणीचा हात धरून स्कर्टच्या पट्टीवर ठेवला.

"ओढलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "ओढायलाच असते ती. सगळ्यात पक्के टाके मी तिलाच घालते, कारण घाबरलेलं मूल जोरात ओढतं. पण मला सांगायचं होतंस गं."

टाचणीने मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत मी किती मुलांना भित्रं म्हटलं असेल याचा मी मनात हिशोब करायला गेलो आणि सोडून दिला. मला स्वतःची लाज वाटत होती. बाकीची तिन्ही मुलंही तिथेच उभी होती. मी चौघांनाही सांगितलं, की मी चुकीचं शिकवलं. पाण्याखाली जीव घाबरा झाला तर पट्टी ओढायची, त्यात लाज नाही, आणि वर आल्यावर खरं सांगायचं, मी ओरडणार नाही.

"ओरडाल," टाचणी नाक पुसत म्हणाली.

"ओरडलो तर आजींना सांग."

दुसरी फेरी दोन तासांनी होती. सासूबाई म्हणाल्या, ओला स्कर्ट काढ, सर्दी होईल. टाचणीने तो काढला नाही. सगळ्यांबरोबर जेवायला बसली तेव्हाही तो तिच्या कमरेला होता, आणि तिची पाळी यायला अजून वीस मुलं बाकी असताना ती रांगेत जाऊन उभी राहिली.