अकरा मिनिटांचे पूनमसिंग

पूनमसिंग आडे यांनी लढाईत एकही गोळी झाडली नाही. हे ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना ना लाजायचे ना छाती फुगवायचे. महागाव तालुक्यातल्या त्यांच्या तांड्यात लहानथोर त्यांना ‘फौजी’ म्हणत. पण फौजी म्हटल्यावर कोणी बंदुकीचं विचारलं, की ते म्हणत, “बंदूक दुसऱ्यापाशी होती. मी खच्चर हाकलं.”

भरतीच्या वेळी ते वीस वर्षांचे होते. साहेबानं विचारलं, जनावर सांभाळता येतं का? त्यांना हसू आवरेना. “साहेब, माह्या आज्यानं मिठानं लादलेले बैलं निजामाच्या मुलखातून हाकत आणले. मले जनावर नाई सांभाळता आलं, त तांड्यात भाकर नाई भेटणार.” साहेबाला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पूनमसिंगांना खच्चर कंपनीत घातलं आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात ते कारगिलकडच्या डोंगरात होते. वरच्या ठाण्यांवर दारूगोळा, रॉकेल, पीठ पोचवायचं आणि उतरताना जखमी माणूस आणायचा, हे त्यांचं काम.

पंधरा वर्षं नोकरी करून ते परतले आणि चार एकरांत कापूस लावू लागले. बैलावर कधी चाबूक उगारला नाही. बाजारात कोणी बैल घ्यायला निघालं, की आधी फौजीला बोलवायचे. ते दात बघत नसत. खाली बसत, खूर हातात घेत, अंगठ्यानं दाबत आणि म्हणत, “घे,” नाहीतर, “जाऊ दे.” विकणाऱ्यानं कितीही शिव्या दिल्या तरी तिसरा शब्द नाही. पंधरा ऑगस्टला शाळावाले त्यांना नेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवत, नारळ देत. माईक सरपंचाकडे.

हे मला डाचलं होतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. लोकांचे अर्ज लिहीत, माहितीच्या अधिकाराचे कागद टाकत, साहेबांशी भांडत पंचवीस वर्षं काढली. त्यात जुन्या सैनिकांची कामं आली. म्हातारे कागदांची पिशवी घेऊन यायचे आणि काम झालं की उठता उठता लढाईतलं एखादं वाक्य टाकून जायचे. असे सहा म्हातारे एका वर्षात गेले. मग मी ठरवलं, जिल्ह्यातले उरलेसुरले गाठायचे, आवाज भरून घ्यायचा आणि पुस्तक काढायचं. कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित केलंही नसतं.

पूनमसिंगांपर्यंत मला पोचवलं ते कळंबच्या इंदुताईंनी. त्यांचे वडील नागोराव त्याच कंपनीत होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते गेले आणि इंदुताई जन्मल्या बहात्तरच्या मार्चात. घरी आली ती एक पेटी आणि एक कागद. कागदावर तारीख आणि ‘कर्तव्यावर असताना’ एवढंच. पेटीत एक न टाकलेलं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, ‘महागावकडचा पूनमसिंग म्हणून एक आहे, तो असला की घरचं माणूस असल्यासारखं वाटते.’

“मारोतभाऊ, मले दुसरं काई नाई पायजे,” इंदुताई म्हणाल्या होत्या. “मेडल नाई, रस्त्याले नाव नाई. बाप गेला तेव्हा त्याच्यापाशी कोणी होतं का, एवढंच विचाराचं हाय. माही माय तानाबाई हेच विचारत विचारत गेली.”

मी चौदा तांड्यांत फोन केले आणि पूनमसिंग सापडले. इंदुताई म्हणाल्या, मी पण येते. मी म्हणालो, “तुम्ही नका येऊ. तुम्ही रडाल, म्हातारा थांबेल. मी सगळं भरून आणतो.”

हे माझं पहिलं शहाणपण.

जानेवारीत गेलो. गॉगल, झोळी, कॉलरला लावायचा नवा माईक. पूनमसिंग अंगणात खाटेवर बसले होते, अंगात खाकी स्वेटर, कोपरावर रफू. त्यांच्या बायको लालीबाईंनी घोंगडी टाकली. “बेस, भिया,” म्हणत मला बसवलं. शेजारचे फुलचंद खाटेच्या पायापाशी येऊन बसले. फौजींच्याच वयाचे, डोक्याला लाल फेटा. मी आधी समोरची पिठाची चक्की बंद करवली. कोंबड्या हाकलल्या. पोरांना दम दिला. मग माईक चालू केला.

“धुकं पडलं का निघो आमी,” पूनमसिंग सांगू लागले.

“हूं,” फुलचंद म्हणाले.

“धुक्यात वरून दुश्मनाले दिसत नाई न.”

“हां, फौजी.”

“खच्चराच्या गळ्यातली घंटी काढून घेतलेली.”

“हूं.”

कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये तो ‘हूं’ घणासारखा आदळत होता. मी रेकॉर्डिंग थांबवलं. “काका, हे हूं हूं बंद करा. सगळं त्याच्यात येऊन राह्यलं. असं करा, तुम्ही तिकडं जाऊनच बसा.”

फुलचंदांनी माझ्याकडे पाहिलं, मग पूनमसिंगांकडे. फेटा नीट केला आणि उठून गेले. मी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. असं शांत अंगण मी त्या तांड्यात पुन्हा पाहिलं नाही.

पूनमसिंग बोलले. पण अडखळत. एक वाक्य सांगायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो, आवाज न करता. ते खाली बघायचे. बऱ्याच वेळानं दुसरं वाक्य.

“वाट येवढीच.” हातानं खाटेची रुंदी दाखवली. “एकामागं एक. थांबाचं नाई, असा हुकूम. एक थांबला का मागचे सगळे थांबते. धुकं फाटलं का थांबलेलं खच्चर वरून दिसते.”

गप्प.

“नागोराव माह्या मागं होता. त्याचं खच्चर चोवीस नंबर. खुरावर नंबर मारलेला राह्यते.”

गप्प.

“मी कळंबले गेलतो एकदा. नोकरी सुटल्यावर. चिंतामणीच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. तिथून त्याचं घर विचाराचं होतं. पाय नाई उचलले.”

पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवून खूण केली, चालू द्या.

“मंग मागून आवाज आला,” ते म्हणाले.

त्यानंतर जे गप्प झाले ते झालेच. मी घड्याळ पाहिलं. दुपारी पांढरकवड्याला मोर्चा होता. माझं डोकं तापलं. “बाबा, आठवत नसन तर तसं सांगा ना. दोघांचाही टाइम कायले घालवता?”

“आठवते,” ते म्हणाले. मग म्हणाले, “चाय घ्या.”

मी माईक काढला. भरलं होतं ते अकरा मिनिटं. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. पुढचा आठवडा मे महिन्यात उजाडला. मधे मोर्चा, पीकविम्याची भांडणं, एका तलाठ्याशी लागलेली खुन्नस. मला सगळ्यांपेक्षा निकडीचं काम कायम दुसरंच असतं. इंदुताईंचा फोन आला की मी म्हणायचो, “निम्मं झालं, ताई. निम्मं राह्यलं.”

मेमध्ये पूनमसिंगांच्या मुलाचा, भारतचा फोन आला. बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

गेलो. त्याच खाटेवर ते आडवे होते. मी लालीबाईंना म्हणालो, जानेवारीत बाबांनी मोकळेपणानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या पाणी पाजत होत्या. वाटी खाली ठेवली.

“त्यायनं नाई सांगतलं?” त्या म्हणाल्या. “भिया, तुमी फुलचंदले उठवलं. आमच्यात एकटा माणूस गोष्ट नाई सांगत. एक सांगते, एक हुंकारा देते. हुंकारा बंद झाला का समजाचं, ऐकणाऱ्याले पुढचं नाई पायजे. तुमी तोंडावर बोट ठेवून बसले. ते कोणाले सांगन? भिंतीले?”

हुंकारा कोणाला माहीत नाही? लहानपणी माझ्या आजीनं गोष्ट सांगताना मी हूं म्हटलं नाही, तर ती म्हणायची, झोपला वाटते. एवढं माहीत असून मशीन हातात आल्यावर मी विसरलो. आणि माझं गप्प राहणं त्यांनी कसं घेतलं? नागोरावचं नाव निघालं आणि समोरच्याला ते ऐकायचं नाही, असं. पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, ती काढायला घेतली आणि समोर तोंडावर बोट.

फुलचंद त्यांच्या छपरीत दोर वळत होते. मला बघून म्हणाले, “या साहेब. आज हूं म्हनू का नको?”

“काका, चुकलं माझं.”

“ते त दिसूनच राह्यलं.” दोराला पीळ दिला. “काय पायजे?”

“फौजींनी तुम्हाला नागोरावचं सांगितलं असेल. पुढं काय झालं?”

दोर वळता वळता त्यांचा हात थांबला. “त्याच्या गोष्टीले मी चाळीस वर्षं हुंकारा देऊन राह्यलो. बरफाची गोष्ट माहीत हाय मले, खच्चराची हाय, भाकरी गोठायची ते हाय. नागोराव हे नाव म्या कधी नाई ऐकलं. त्याच दिवशी ऐकलं असतं.” मग मान वर न करता म्हणाले, “तुमी म्हनलं, काका तिकडं जाऊन बसा.”

मी कळंबला गेलो आणि इंदुताईंना सगळं सांगितलं. फुलचंदांना उठवलं तेही. इंदुताईंना सोबत नेलं नाही ते तर त्यांना माहीतच होतं. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मले घेऊन चला.”

तांड्यात पोचलो तेव्हा लालीबाई नवऱ्याला विचारत होत्या, चहा घेता का? पूनमसिंगांनी मान हलवली. उशी वर करू? मान हलवली. हे मारोतराव, ओळखलं का? मान हलवली. वैदूनं सांगितलं होतं म्हणून त्या दिवसभर असंच बोलत राहायच्या आणि ते प्रत्येक प्रश्नाला अशीच होकाराची मान हलवायचे.

इंदुताई खाटेपाशी खाली बसल्या. “बाबा, मी नागोरावची पोरगी. कळंबची.”

पूनमसिंगांचे डोळे त्यांच्यावर थांबले. डावा हात चादरीवर थोडा सरकला.

“माहा बाप गेला तेव्हा, बाबा, त्याच्यापाशी कोणी होतं का? तुमी होते का?”

पूनमसिंगांनी मान हलवली.

इंदुताईंनी खाटेच्या दोरीला कपाळ टेकलं आणि रडल्या. त्रेपन्न वर्षांच्या बाईला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. लालीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आणि माझ्या ओठांवर दुसरा प्रश्न आला. साहेबांना असाच पकडतो मी. एकदा सरळ विचारायचं, एकदा उलटं. आता उलटं विचारायचं: बाबा, तो एकटाच होता का? त्यालाही मान हललीच, तर पहिल्या होकाराला काय किंमत? वाटेवर थांबायचं नाही असा हुकूम होता. मागून आवाज आला होता. हुकूम पाळणारा माणूस पुढे गेला असेल, तर चिंतामणीच्या पायऱ्यांवर त्याचे पाय का अडले, हे कळतं. थांबला असेल, तर मग ते कळत नाही.

मी विचारलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

परतताना इंदुताई म्हणाल्या, “लिहा आता. पूनमसिंग पाशी होते म्हणून.”

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. घरी येऊन तीन दिवस त्या पानावर बसलो. शेवटी जे खरं होतं तेच लिहिलं: ‘पूनमसिंग आडे यांनी नागोरावांबद्दल सांगायला सुरुवात केली होती. ऐकणाऱ्यानं त्यांना सांगू दिलं नाही.’ खाली माझं नाव टाकलं. मोठं प्रामाणिक काम केलं असं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. आणि छपाईआधी ते पान इंदुताईंना दाखवायला घेऊन गेलो.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“हे त तुमच्याबद्दल झालं,” त्या म्हणाल्या. “माहा बाप याच्यात कुठी हाय?”

“ताई, जेवढं पक्कं आहे तेवढंच...”

“तुमाले कागद पक्का पायजे. मान्य. मंग त्या दिवशी काहून नाई ऐकलं पक्कं? तेव्हा मोर्चा होता तुमाले.” पान माझ्यासमोर सरकवलं. “तुमचं दुःख तुमच्या घरी लिहा. माह्या बापाचं पान हाय हे.”

मी पान उचललं. बाकीचं पुस्तक छापून आलं आहे. त्यात नऊ म्हातारे आहेत, फोटो आहेत, पूनमसिंगांचाही आहे, खाकी स्वेटरमधला. फोटोखाली त्यांचं नाव आणि गाव आहे. नागोरावांचं पान त्यात कोरं सोडलं आहे, त्यावर अजून काही नाही.