बाहेरचं म्हणजे काय

माझी धाकटी मेहुणी रंजीता काय काम करते हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. ऊर्जानगरच्या आमच्या जुन्या मंडळींना वकील कळतो, मास्तरीण कळते, नर्स कळते. पण ‘परदेशात आसरा मागणाऱ्या बायकांची भीती खरी आहे का, याचा तपास करून लिहिते’ असं म्हटलं की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो आणि विचारतो, “हे सरकारी आहे का?” सरकारी नाही आणि धड खासगीही नाही. एखादी बाई इथल्या नवऱ्याला, भावांना, गावाला भिऊन परदेशात पोचते आणि तिथल्या सरकारला म्हणते, मला परत पाठवू नका. तिथला अधिकारी म्हणतो, कशावरून? आणि ते ‘कशावरून’ फिरत फिरत आमच्या मागच्या खोलीत, रंजीताच्या टेबलावर येऊन पडतं.

मागच्या खोलीत का, तर चंद्रपुरात तिला दुसरी खोली मिळाली नाही म्हणून. जिल्हा कोर्टात वकिली चांगली चालली होती. नवऱ्याशी पटलं नाही, काडीमोड झाला, आणि स्वतःची केस तिनं स्वतःच लढवली. मग घर शोधायला निघाली. प्रत्येक घरमालक आधी खोली दाखवी, पाण्याच्या वेळा सांगे आणि शेवटी विचारी, “सोबत कोण राहील?” माझ्या बायकोनं एक दिवस तिची पेटी उचलून घरी आणली. पुढं हे काम लागलं तेव्हा पहिलाच प्रश्न आला तो असा: एकटी बाई चंद्रपूरसारख्या शहरात भाड्यानं खोली घेऊन सुखरूप राहू शकते का? मी म्हटलं, “लिही, राहते. भाऊजीच्या घरी, दोन वेळच्या जेवणासकट.” तेव्हा ती पोट धरून हसली होती.

हल्ली हसत नाही. ती थकली आहे. मी जन्मभर वीजकेंद्रात बॉयलरपाशी पाळ्या केल्या, अंगाची थकावट मला कळते, ती झोपून उठलं की जाते. हिची जात नाही. एकीच्या पाठीवरचे डाग जुने आहेत की नवे, एकीचा भाऊ खरंच मारील की नुसता धमकी देतो, एकीनं पोलिसात का नाही सांगितलं, सांगितलं तर पुन्हा का नाही सांगितलं. दिवसभर हेच वाचायचं, हेच विचारत फिरायचं, आणि लिहिताना आवाज चढू द्यायचा नाही. आवाज चढला की तिकडचे म्हणतात, तपास करणारी एकतर्फी आहे. माझ्या बायकोनं तिला जेवताना कागद आणायची बंदी केली आहे. कागद नसले तरी ती पोळीचा तुकडा हातात धरून भिंतीकडे बघत बसते, आणि मला त्या ‘कशावरून’चा फार राग येतो.

मी तिचा ड्रायव्हर. निवृत्तीनंतर घेतलेली जुनी गाडी आणि दुखणारे गुडघे एवढं माझं भांडवल. म्हणून दिव्याच्या गावाला मी तिच्यासोबत होतो. त्या मुलीचं नाव दिव्या नाही, आणि बाकीही ओळखू येईल असं सगळं मी बदललं आहे. गाव मूल शहराच्या पुढं, जंगलाला लागून, धानाचं, एवढं पुरे.

दिव्या नर्स. शेजारच्या गावच्या उपकेंद्रात नोकरी करायची. एका पावसाळ्यात तिच्या गावात तापानं दोन लेकरं गेली, दोघांनाही तिनं सुई दिली होती. मग कोणीतरी म्हणालं, सुईतून काय देते कोण जाणे. मग दुसरं कोणी म्हणालं, हिचा नवराही असाच पटकन गेला होता. मग एका सकाळी तिला चौकात ओढून आणलं, केस कापले, खांबाला बांधलं. पोलीस आले, गुन्हा नोंदला, माणसं जामिनावर सुटली. दिव्या नागपूरला पळाली आणि दवाखान्यात लागली. गावातले चौघं तिथं पोचले, तिच्या वरिष्ठ बाईंना भेटले आणि गोड बोलून परतले. आठवड्यात नोकरी गेली. मग ओळखीनं ती परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामावर गेली आणि तिथं तिनं आसरा मागितला.

तिथं तिला विचारलं, गाव नेमकं काय म्हणत होतं? दिव्यानं जे खरं तेच सांगितलं, “गाव म्हणे, हे बाहेरचं करते.”

आता हे तुम्हाला समजावून सांगायला नको. कोणाला बाहेरचं लागतं, कोणी बाहेरचं बघतो, कोणी बाहेरचं करते. आमच्याकडं तर तेवढा शब्द आवाज खाली करून म्हटला की बायका पोरांना पदराखाली घेतात. पण दुभाष्या होता तिकडेच वाढलेला मराठी मुलगा. घरात आईशी बोलण्यापुरती मराठी. त्यानं इंग्रजीत सांगितलं, ही बाहेरची कामं करते असं गाव म्हणत होतं. अधिकाऱ्यानं निकालात लिहिलं की बाईनं घराबाहेर पडून नोकरी करणं गावाला रुचलं नव्हतं, अशी नाराजी म्हणजे छळ नव्हे, चौकातल्या प्रकाराची पोलिसांनी दखल घेतलीच आहे, मोठ्या शहरात तिला काही अडचण येऊ नये. अर्ज फेटाळला. रंजीतानं तो निकाल मला वाचून दाखवला तेव्हा मी पहिल्यांदा हसलो आणि लगेच माझीच मला लाज वाटली. त्या पोराला तरी काय दोष द्यायचा, त्याच्या घरात कोणाला कधी बाहेरचं लागलं नव्हतं.

अपिलात दिव्याच्या वकीलबाईंनी दोन गोष्टी मागितल्या. या शब्दाचा अर्थ काय, आणि गाव आजही तिच्याबद्दल हेच म्हणतं का. करणी, चेटूक हा अर्थ नीट लिहायला रंजीताला एक सकाळ लागली. पण दुसरी गोष्ट शब्दकोशात सापडणारी नव्हती. ती गावातल्याच कोणाच्या तरी तोंडून, दिव्याचं नाव घेऊन, यायला हवी होती. नाही आली तर दिव्या परत, त्याच रस्त्यानं, त्याच चौकात.

मोह गळायचे दिवस होते. आम्ही पोचलो तोवर बाया जंगलातून मोह वेचून परतल्या होत्या आणि अंगणाअंगणात फुलं वाळत होती. देवाजी म्हणून गावातलं मोठं माणूस, त्याच्या ओसरीवर बसलो. चहा आला. हळूहळू दहा-बारा माणसं जमली. रंजीतानं नेहमीसारखं आधीच सांगितलं, “मी तपास करायला आले आहे. तुम्ही सांगाल ते लिहीन. जे लिहू नको म्हणाल ते लिहिणार नाही.”

“लिहा ना बाई, लपवाचं काय आहे?” देवाजी म्हणाला. “पोरगी आमची आहे. येऊ द्या तिले. गाव काय तिले खाऊन राह्यलं का?”

“लोक तिच्याबद्दल काय म्हणतात आता?”

“काई नाई म्हनत.”

“तेव्हा काय म्हणत होते?”

“झाली असन काई बोलाचाली. आता कोनाले याद नाई.”

जादूटोण्याविरुद्ध कायदा झाल्यापासून लोक शहाणे झाले आहेत. करायचं ते करतात, पण तो शब्द तोंडातून काढत नाहीत. रंजीतानं दहा प्रकारे विचारलं. दहाही वेळा तेच, येऊ द्या तिले, आमी तिची समजूत काढू. ‘समजूत काढू’ म्हणताना एक पोरगेलासा माणूस दुसऱ्याकडं बघून किंचित हसला. ते हसू मी पाहिलं, रंजीतानंही पाहिलं, पण हसू कागदावर लिहून काय सिद्ध होतं? लिहिण्याजोगं एवढंच होतं की गाव दिव्याला आनंदानं परत घ्यायला तयार आहे. ती वही मिटायला निघाली. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं ही आता इथंच आडवी होते की काय.

देवाजीला मात्र चेव आला होता. “तिच्या मायलेच बोलवा. मायच सांगन.”

बायनाबाई आली. किडकिडीत, पांढरी झालेली, हातांना मोहाचा वास. अंगणाच्या कडेलाच उभी राहिली, बस म्हणायला कोणी पुढं झालं नाही. देवाजी म्हणाला, “सांग वो बाई, तुही पोरगी आली तर आमी काई करनार आहो का?”

बायनाबाईनं रंजीताकडं नीट बघितलं. “तुमी लिहून राह्यल्या का?”

“हो.”

“मंग लिहा. माही पोरगी बाहेरचं करते.”

रंजीतानं ते शब्द लिहून घेतले.

“दोन लेकरं खाल्ली तिनं. नवराबी खाल्ला. साऱ्या गावाले माहीत आहे, बोलत नाई कोनी. आली तर हे लोक तिले जित्ती सोडनार नाई. अन् मी दाराची कडी काढनार नाई. लिहिलं का?”

“बाई, काय बोलून राह्यली तू?” देवाजी उठलाच.

“काऊन भाऊ? खोटं आहे का?” ती त्याच्याकडं वळली. “सांगा ना मंग, पोरगी चांगली आहे म्हनून. चौघांत सांगा.”

देवाजी उभा तो उभाच. पोरगी चांगली आहे असं तो स्वतःच्याच ओसरीवर, मेलेल्या लेकराच्या बापासमोर कसा म्हणणार? तो बाप तिथंच खांबाला टेकून बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, “बराबर आहे बाईचं.” मग आणखी एकजण बोलला, मग दोघं. इतका वेळ गिळून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. देवाजी हातानं गप्प बसा, गप्प बसा करत राहिला. रंजीता लिहीत होती. तिची मान एकदाही वर आली नाही.

परतताना मी गाडीत बडबडत होतो. आई आहे की कोण आहे, स्वतःचा जीव वाचवायला पोटच्या पोरीवर उलटली. गाव मागं टाकून वळलो तर रस्त्याकडेच्या मोहाखाली बायनाबाई उभी, काखेत टोपली. आडवाटेनं आली असणार. एकटीच होती. आमच्याकडं वाघाच्या भीतीनं मोहाला एकटी बाई कधी जात नाही, पाच-सात जणी मिळून जातात. हिला कोणी सोबत घेत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

तिनं खिडकीला हात लावला. “ठेवतील ना आता तिले तिथी?”

रंजीतानं आधी मागं-पुढं रस्ता पाहिला. मग म्हणाली, “ठेवतील बहुतेक. तुम्ही बोललात म्हणून.”

“गाव तं बोलनार नोतं. त्याइले बोलतं कराले लागलं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “उद्यापासून मलेबी घेतील संगं मोहाले. दोन्ही कामं झाली.”

“मावशी, हे मी लिहू का? दिव्या हे सगळं वाचेल. तुम्ही तिथं जे बोललात तेही वाचेल.”

“वाचू द्या.”

“तिला वाटेल, आई खरंच…”

“वाटू द्या.” बाई एकदम कडक झाली. “हे नोका लिहू. तुमीच इचारलं ना, लिहू का म्हनून. तिले सांगूबी नोका. ते तशीच आहे बाप्पा, मी आजारी पडली का ते धावत येईन. तिले माहा राग येऊ द्या. राग आला तं येनार नाई.”

आत्ताच या बाईला काय काय बोललो होतो मी.

रंजीतानं खाली उतरून तिचे हात धरले. मग बायनाबाईनंच हात सोडवून घेतले, कारण रस्त्यावरून कोणाची तरी मोटारसायकल येत होती. ती टोपली घेऊन झाडामागं गेली.

रंजीतानं ओसरीवर झालेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं. आई गावकऱ्यांसमोर बोलली, हेही लिहिलं. मोहाखालचं लिहिलं नाही. नियमानं ते बरोबरच होतं, पण त्या महिन्यात ती धड जेवली नाही.

निकाल दिवाळीच्या आसपास आला. दिव्याला आसरा मिळाला. निकालात बायनाबाईचे शब्द पुरेच्या पुरे उतरवले होते आणि खाली लिहिलं होतं की जिथं सख्खी आई असं म्हणते, तिथं या बाईला परत पाठवता येणार नाही. माझी बायको देवाजवळ दिवा लावायला उठली. रंजीतानं वकीलबाईंचा निरोप पुढं वाचला. दिव्यानं आभार कळवले होते आणि एक विनंती केली होती. तिचा नवा पत्ता, नवा फोन गावात कोणालाही कळू नये, आईला तर मुळीच नाही. आई मेली तरी मला कळवू नका.

“अगं, आता तरी सांग तिला,” बायको म्हणाली. “आता कोण पाठवतं तिला परत?”

“कोणी नाही पाठवणार. पण सांगितलं तर ती आपण होऊन येईल.”

रंजीतानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “जमलं भाऊजी,” ती म्हणाली, “बायनाबाईचं जमलं.” आणि काडीमोडाच्या दिवशीही न रडलेली ती बाई आमच्यासमोर हुंदके देऊन रडायला लागली.