मनीमाजऱ्यातली पाठमोरी बाई

नवऱ्याची बदली गुवाहाटीला झाली आणि मुलीच्या दहावीसाठी मी चंडीगडलाच राहिले. ऑफिस, तिचे क्लास, स्वयंपाक, पुन्हा ऑफिस. शनिवारी शहराच्या कडेच्या जुन्या वस्तीतून, मनीमाजऱ्याच्या बाजारातून, आठवड्याचं सामान आणायचं, तोच काय तो बदल. सेक्टरांमधले रस्ते इतके सरळ आणि एकसारखे, की दमलेल्या माणसाला ते संपतच नाहीत. मनीमाजऱ्यात निदान गल्ली वळते.

तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे सरदारजी जलरंगात बाजार रंगवत बसायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आधी मी जाता जाता बघायचे, मग थांबायला लागले. ते कागद ओला करून घ्यायचे, त्यावर मातकट रंग सोडायचे आणि कागदाखालची फळी जराशी तिरकी करायचे. रंग आपला आपण ओघळायचा, नि त्यातून जुन्या भिंतींची ओल आणि सावली उमटायची. ऊन मात्र ते रंगवायचेच नाहीत. तेवढा कागद कोरा सोडायचे. विजेच्या तारांचं जंजाळ अगदी शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने. माणसं दोन-तीन फटकाऱ्यांत उभी राहायची. नाक-डोळे कुणालाच नसायचे.

एका शनिवारी त्यांच्या चित्रात एक बाई दिसली, पाठमोरी. दोन्ही हातांत पिशव्या, एक खांदा उतरलेला, मान पुढे आलेली. जांभळा कुडता माझाच होता.

"अंकलजी, ये मैं हूँ?"

"हाँ बेटा. पिछले हफ्ते आप उधर से जा रही थीं."

मला रागच आला. "इतनी थकी हुई लगती हूँ मैं?"

त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थोड़ा सीधा कर देता हूँ," म्हणाले आणि ओल्या ब्रशने तो खांदा पुसायला लागले. रंग थोडा निघाला, पण कागदाचा पापुद्रा उठला. आता त्या बाईच्या पाठीवर आणखी एक ओझं दिल्यासारखा डाग दिसायला लागला.

"लो, बिगड़ गया," ते इतके ओशाळून म्हणाले, की मला हसू आलं.

"रहने दीजिए. पहले ठीक ही बनाया था आपने."

पाय बोलत होते. मी तिथेच पायरीवर टेकले. त्यांनी नवा कागद भिजवायला घेतला. पाणी कागदावर पसरताना मी बघत होते, एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा पायरीवरचं ऊन गेलं होतं. रंगांचं सामान आवरलेलं, आणि सरदारजी माझ्या पिशव्या पायांशी घेऊन हातात काठी धरून बसलेले.

"बंदर आए थे," ते म्हणाले. "केले ले गए."

"आपने मुझे उठाया क्यों नहीं?"

"सो रही थीं आप."

गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी असं झोपू दिलं नव्हतं. डोळे भरून आले. मी ओढणीने तोंड पुसल्यासारखं केलं. रिक्षापर्यंत एक पिशवी त्यांनीच धरली, माझं न ऐकता.

घरी मुलीने पिशव्या उपसल्या. "मम्मा, केले नहीं लाईं?"

माकडांनी नेली, म्हटलं. तिला काही ते पटलं नाही. मी कुकर लावला आणि भात होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिले.