अमावस्येला मिरजेच्या वाटेवर

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. देव दिवसभर करतो काय, हा पडतो. आणि त्या हिवाळ्यात तो रोज सकाळी पडत होता. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. घरात तळी भरताना मी लहानपणापासून सगळ्यात मोठ्यानं येळकोट करते. आणि मीच कॉलेजात असल्यापासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत आहे, गावोगाव पत्रकं वाटत फिरलेली. अमावस्येला घरात बसू नका, आजारी लेकराला दवाखान्यात न्या, असं ठणकावून सांगणारं पत्रक माझ्याच हातचं. लोक विचारतात, हे दोन्ही एकत्र कसं जमतं? मला त्यात अडचण दिसत नाही. भंडारा कपाळाला लावायचा, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. एवढं साधं आहे ते.

अडचण आली ती नोकरीत. मिरजेत एका संशोधन प्रकल्पावर मी काम करते. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या मुलांच्या फुप्फुसांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास. आमच्या मोठ्या डॉक्टर, त्यांना आम्ही मॅडमच म्हणतो. इको मशीन चालवणारे सलीमभाई. जीप चालवणारे शिवाजीमामा. आणि घरोघरी जाऊन पालकांशी बोलणारी मी. सातारा-सांगलीतल्या गावांत जायचं, मुलाच्या छातीला थंडगार जेली लावायची, हृदय बघायचं, रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, सहा महिन्यांनी परत जायचं. आम्ही मोजायचो. वाचवणं आमच्या कामात बसत नव्हतं, ते दुसऱ्या कुणाचं काम होतं, आणि त्या दुसऱ्याची रांग लांबलचक होती. परत जायचो तेव्हा काही मुलं नसायची. आई दारात उभी असायची आणि तिच्या तोंडाकडे बघूनच सलीमभाई मशीन गाडीतून उतरवायचे नाहीत. मला संताप यायचा. जन्मल्यावर कुणीतरी एकदा नीट छातीला कान लावला असता तर ही मुलं आज शाळेत धावली असती. कुणी लावला नाही. हा संताप मी माणसांवर काढून काढून थकले, आणि मग तो देवावर काढायला लागले. सकाळची तळी सोडली. माझ्या वाटणीचा भंडारा आईच उंबऱ्याला लावायची.

सई आमच्या अभ्यासातलीच. पाच वर्षांची, उंब्रजच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. वडील फौजेत, सीमेवर. घरी आई सुरेखा आणि आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणते. सईच्या हृदयातलं छिद्र मोठं होतं आणि ते आम्हीच शोधलं होतं, पाचव्या वर्षी. ओठ निळे, नखं निळी, अंगणात चार पावलं पळाली की उकिडवी बसायची. तिची पुढची तपासणी आणि जमलं तर ऑपरेशन मिरजेतच ठरलं होतं, पण तारीख लागत नव्हती. एका सकाळी मॅडमचा फोन आला. एका मुलाला ताप भरल्यामुळे जागा रिकामी झाली होती. बाहेरून येणारे मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी असणार होते, पुन्हा कधी येतील याचा भरवसा नव्हता. संध्याकाळच्या आत सई भरती व्हायला हवी. प्रकल्पाची जीप पेशंट आणायला नाही, असा नियम. मॅडम म्हणाल्या, "नियमाचं मी बघते. तुम्ही लेकरू आणा."

त्या दिवशी अमावस्या होती.

आबांनी आम्हाला अंगणातच अडवलं. "आवं ताई, आज अमावस्या हाय. उद्या दिस उगवायला निघू की."

मी म्हटलं, "आबा, उद्या उशीर होईल. आज पोचायचंय."

"तुमचा कागद वाचलाय मी. झ्याक लिवलाय. पर कागद काय लेकरू उचलत न्हाई."

मी तोंड उघडणार तोवर सुरेखानं आतून पिशवी आणून जीपमध्ये ठेवली. ती कधी सासऱ्यासमोर आवाज न काढणारी बाई. म्हणाली, "आबा, ती रोजच निळी पडतीया. तिला कुठं कळतंय अमावस्या हाय का पुनव." आबांनी चपला घातल्या. गाडीत चढताना मला एवढंच म्हणाले, "चला. काय झालं तर तुमच्या कागदावर."

सई खुशीत होती. जीपमध्ये बसल्या बसल्या तिनं सलीमभाईंना विचारलं, "तुमच्या दाढीला मेंदी कुणी लावली?"

"माझ्या बायकोनं. तुलाबी लावायला सांगू?"

"मला दाढी कुठं हाय, येड्या?"

सुरेखानं तिला दटावलं, मामा हसून हसून स्टिअरिंगवर वाकले. त्या प्रवासातलं हसणं तेवढंच. पेठ नाक्याहून सांगलीच्या रस्त्याला लागलो आणि तिला खोकल्याची उबळ आली, मग रडं, आणि रडता रडता ती निळी-काळी पडत गेली. ऑक्सिजन लावला. एरवी आमचा ऑक्सिजन फारसा लागत नाही. दोन छोटे सिलेंडर गाडीत असतात, एक वापरायचा, एक राखीव. सलीमभाईंनी प्रवाह पूर्ण वाढवला, तिच्या ओठांना थोडा रंग आला. सिलेंडरचा काटा मात्र भराभर खाली येऊ लागला.

आष्ट्याच्या अलीकडे गाड्या थांबलेल्या. पुढे उसाची ट्रॉली उलटली होती, दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर, मागे बस, हलायला जागा नाही. एकशे आठला फोन केला, रुग्णवाहिका निघाली खरी, पण ती त्या उलटलेल्या ट्रॉलीच्या पलीकडून येणार होती. सलीमभाई म्हणाले, दुसरा सिलेंडर घेऊ. घेतला. त्याचं तोंड उघडायला लोखंडी चावी लागते. ती चावी सिलेंडरच्या गळ्यात दोरीनं बांधलेली असते. दोरी होती, चावी नव्हती.

मामांचं तोंड पांढरं पडलं. अमावस्या म्हणून सकाळी त्यांनी गाडी धुतली होती, मिरजेत गाडी लावतो त्या शेडमध्ये अवजारांची पूजा मांडली होती. पान्हे, जॅक, टॉमी, सगळी पिशवी रिकामी करून ओळीनं लावलेली, हळदकुंकू वाहिलेलं. सलीमभाईंनी पहिला सिलेंडर उघडून तपासून ठेवला होता, चावी मोकळी पडली होती, म्हणून तीही मामांनी अवजारांबरोबर पूजेला ठेवली. लोखंडच ते. मग मॅडमचा फोन आला आणि मामा तसेच निघाले. पूजा तिथंच मांडलेली राहिली. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. गाडीत एक साधी पक्कड होती. सलीमभाई तिनं झटत राहिले, पक्कड घसरत राहिली, त्यांच्या बोटांतून रक्त आलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते. सईचा हात हातात घेऊन ते फक्त ओठ हलवत होते.

रस्त्याच्या कडेला ट्रॉल्यांच्या वेल्डिंगची दुकानं. एरवी तिथं ठिणग्यांनी डोळे दिपतात. आज सगळी शटरं बंद, अमावस्येला इकडे कुणी लोखंडाला हात लावत नाही. मी खाली उतरून धावले. धावताना माझ्या तोंडून कुठली मागणी निघाली नाही, कारण मागायचं मी सोडलं होतं. फक्त नाव निघत होतं. खंडोबा, खंडोबा. शिवी घातल्यासारखं.

आणि एक शटर अर्धं उघडं दिसलं. आत कपाळभर भंडारा लावलेला एक माणूस वेल्डिंगच्या यंत्रासमोर नारळ फोडत होता. माझ्या मागून मामा ओरडत आले.

"आज काम बंद हाय, पावनं," तो म्हणाला.

"काम नगं! टाकीची चावी द्या, ऑक्सिजनच्या! लेकरू चाललंय!"

त्यानं पुढचं विचारलं नाही. त्याच्या गॅसच्या टाकीवरची चावी ओढून घेतली आणि आमच्या पुढे पळाला. हातात नारळाची अर्धी वाटी तशीच. चावी चपखल बसली. एक हिसका, आणि सुस्स करून आवाज आला. सलीमभाईंनी मास्क लावला. सईचे डोळे वर गेले होते. बराच वेळ काही झालं नाही. मग तिची छाती जोरात वर आली आणि ती बारीक रडली. आम्हा सगळ्यांना तिचं ते रडणं ऐकून रडू फुटलं. त्या माणसानं कपाळावरचा भंडारा बोटाला घेतला. माझा हात आपोआप त्याला अडवायला उठला, ती पूड आणि ही छाती. पण तो स्वतःच थांबला. "नाकाजवळ नगं. पायाला लावतो," म्हणाला, आणि तिच्या निळ्या अंगठ्याला पिवळं बोट लावलं. आबांनी त्याला हात जोडले, तर तो लाजून रस्त्यावर उतरला आणि ट्रॅक्टरवाल्यांवर खेकसायला लागला. "ए मर्दा, घे की मागं! डोळं फुटलं का? लेकरू हाय गाडीत!" त्या माणसानं एकेक ट्रॉली मागे-पुढे करवून आम्हाला शेतातल्या वाटेवर काढून दिलं. चावी परत घ्यायलाही थांबला नाही.

सगळ्यांनी अमावस्या पाळली म्हणून दुकानं बंद होती. मामांनी अमावस्या पाळली म्हणून चावी नव्हती. आणि त्यानं अमावस्या पाळली म्हणून तो तिथं होता, नाहीतर सुट्टीच्या दिवशी नारळापुरतं शटर कोण उघडतं? मी थोडी आधी पोचले असते तर कुलूप, थोडी नंतर तरी कुलूप. यावर मी खूप डोकं चालवलं. पत्रक लिहिणारं माझं डोकं, त्याला दोन बाजू लागतात, एक आपली, एक त्यांची. इथं बाजूच लागेना. शेवटी मी ते सोडून दिलं.

आम्ही वेळेत पोचलो. सई वाचली असं लिहायला मला आवडलं असतं. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली आणि मॅडमनी आम्हाला खोलीत बसवून सांगितलं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, आता छिद्र बुजवलं तर ती टेबलावरच जाईल. उशीर झालाय. आबांनी विचारलं, "कालचा?" मॅडम म्हणाल्या, "नाही आबा. पाच वर्षांचा." हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे. तिला अमावस्येनं मारलं नाही. जन्मल्यावर तिच्या छातीवर न ठेवलेल्या हातानं मारलं, आणि तो कुणा एकाचा हात नव्हता, म्हणून कुणाला शिक्षाही होत नाही. देवाचं देणं मी मान्य करते, पण हे देवाच्या नावावर कुणी खपवू नये.

औषधं देऊन तिला घरी पाठवलं. वडिलांना रजा मिळाली. ते आले, आणि ती पुढचा बराच काळ त्यांच्या खांद्यावरच होती. शेतात, पाराखाली, एकदा पालीला, गर्दी नसताना. उन्हाळा लागायच्या सुमारास ती त्यांच्या मांडीवर गेली. मी भेटायला गेले तेव्हा आबा म्हणाले, "ताई, त्या दिशी रस्त्यात गेली असती, तर मी जल्मभर अमावस्येला धरून बसलो असतो. आन तुमालाबी. बापाच्या मांडीवर गेली. एवढं तरी दिलं देवानं." मग म्हणाले, "वरच्या आळीत एक बारकं पोरगं हाय. दूध पिताना घामानं भिजतंय. तुमचं मशीन घेऊन चला." मी सलीमभाईंना घेऊन तशीच गेले.

चावी द्यायला आष्ट्यालाही गेले. वाटलं होतं, दुकान सापडणार नाही, माणूस सापडणार नाही, असं काही. दुकान जागेवर होतं आणि तो गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडत होता. मी सांगितलं, ती गेली. त्यानं विचारलं, "पर पोचलीवती न्हवं मिरजेला?" म्हटलं, पोचलीवती. "मग झालं," म्हणाला, चेहऱ्यावर काळी काच ओढली आणि कितीतरी वेळ वेल्डिंग सुरूच केलं नाही.

सीमेवर परतायच्या आधी सईचे वडील मिरजेत आले. प्रकल्पाच्या खोलीत उभे राहून त्यांनी सलीमभाईंना विचारलं, "तिचं काळीज तुमच्याकडं असतंय म्हणं. बघायला मिळंल का?" आम्हाला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सलीमभाईंनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मान हलवली. तिच्या तपासणीची चित्रफीत लावली, पडद्यावर सईचं हृदय सुरू झालं. करड्या सावल्या, मधे ती फट, तिच्यातून लाल-निळं रक्त इकडून तिकडे. धडपडत चाललेलं, पण चाललेलं. तो उंचापुरा जवान पडद्यासमोर आधी सावधानमध्ये उभा राहिला. मग त्यानं बूट काढले. मग हात जोडले. मॅडम उभ्या राहिल्या, सलीमभाईंनी डोळे मिटले, मामा दारात होते ते आत आले.

मीही हात जोडले. मी इतकी वर्षं अशा फटी मोजत होते. या फटीतूनही पाच वर्षं एक जीव चालवला जात होता, ते मला त्या दिवशी दिसलं. आम्ही वाचवू शकत नाही तिथंही मोजायला जावं लागतं, आणि पुढच्या एखाद्या लेकरासाठी ते वेळेत पुरेल की नाही हे आमच्या हातात नाही. भांडायचं ते मी माणसांशी भांडत राहीन, त्यात कसूर करणार नाही. पण श्वास कुणाचा किती, हे ओझं मी, खंडेराया, तुझ्या पायाशी ठेवलं. तू तिला रस्त्यात टाकलं नाहीस, बापाच्या हातात दिलंस. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे.

सलीमभाईंनी ती चित्रफीत त्या दिवशी बंद केली नाही. वडील स्वतः म्हणाले, "बास," तोवर ती चालू होती.