बाबांच्या पाठीसाठी जर्मन गाडी

गडचिरोलीत राहून जुनी जर्मन गाडी घेणारी बाई वेडीच असणार, असं आमच्या सगळ्या दवाखान्याचं मत पडलं. मी तिथे एक्स-रे काढायचे. वेडी म्हटल्याचं मला काही वाटत नसे, पण कोणी "तुमी एकट्या बाई, तुमाले एवढी मोठी गाडी काऊन पायजे?" असं विचारलं की डोकं सणकायचं. एकट्या माणसानं काय सगळं छोटंच घ्यायचं? भाताचा छोटा गंज, छोटा कुकर, छोटी गाडी! विचारणाऱ्याला मी दोन शब्द सुनवायचे आणि पुढचा पेशंट आत घ्यायचे.

खरं कारण कोणाला सांगितलंच नव्हतं. गाडी माझ्यासाठी नव्हती, बाबांच्या पाठीसाठी होती.

बाबा आरमोरीच्या पलीकडे आमच्या गावात एकटे राहायचे. जन्मभर बस चालवून घरी बसले, मग आई गेली, आणि पुढच्याच वर्षी पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे कौलं, फेरायला छपरावर चढले ते धाडकन खाली आले. त्यांच्या पाठीचा फोटो मीच काढला. मणका दबला होता. ऑपरेशनची गरज नव्हती, हिंडत-फिरत होते, पण बसमध्ये नाहीतर जीपमध्ये बसवलं की खड्ड्याखड्ड्याला कळवळायचे. फोटो काढायला आणलं तेव्हा परतीच्या वाटेवर ते माझा हात इतका घट्ट धरून होते की बांगडी वाकली.

मी गावी गेले की एकच विषय. "बाबा, चला ना माझ्याकडे राहाले. एक खोली रिकामी पडली हाये."

"येतो ना वं बाई. मी का नाई म्हणतो? पन हे पाठ. बसमंदी बसलो का जीव जाते."

हे ठरलेलं उत्तर. मला ते खरंच वाटलं. का नाही वाटणार, मणका मी स्वतः बघितला होता.

क्वार्टरच्या त्या रिकाम्या खोलीत मी फळ्यांचा पलंग आणून ठेवला. भिंतीला धरायला लोखंडी कांब ठोकून घेतली. कमोड बसवून घेतला. ड्यूटीवरून आले की आधी त्या खोलीचं दार उघडायचे, पलंगावरची धूळ झटकायचे, मग भात टाकायचे. कितीतरी दिवस असे गेले की दिवसभरात माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य "श्वास रोखा, हलू नका" हेच असायचं. त्यानंतर घरी बोलायला कोणी नव्हतं. रेडिओ होता, पण तो ऐकून घेत नाही.

एकदा नागपूरहून शिबिराला आलेल्या सर्जननं मला परतताना ब्रह्मपुरीपर्यंत आपल्या गाडीतून नेलं. ती त्यांची जुनी जर्मन गाडी. मी मागे बसले होते. रस्ता तोच, खड्डे तेच, पण मांडीवरचा वरणाचा डबा सांडला नाही. मी विचारलं, ही केवढ्याला पडते? ते हसले. म्हणाले, "जुनी घेताना कोणी रडत नाही. रडायचं ते नंतर, दुरुस्तीला. त्यामुळे गाडी नको बघू, गाडी कोणी वापरली ते बघ." उतरले तेव्हा माझं ठरलेलं होतं. माझ्या फंडाच्या पैशांत नवी छोटी गाडी आली असती, पण ती बाबांच्या पाठीला काय कामाची? दारं लावलेला ऑटोच तो.

गडचिरोलीतले एक मिस्त्रीभाऊ होते, त्यांच्या घरात बापापासून जीपगाड्या दुरुस्त करण्याचं काम. त्यांना घेऊन नागपूर गाठलं. वाटेत ते सारखं बजावत होते, "बाई, जीप की बात अलग हाये. ह्या विलायती गाडीत वायरचं जंगल असते. बिगडली तर मले बोल नको लावजा." जुन्या गाड्या विकणाऱ्यानं मिस्त्रीभाऊंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब नाही आले?"

"साहेब मीच. बोनेट उघडा," मी म्हटलं.

पहिली गाडी काळी, आरशासारखी चकचकीत. खिडक्या, आरसे, सीट, सगळं बटणावर. मी बटण दाबलं तशी सीट पुढे सरकली आणि मागे जायलाच तयार होईना. मी स्टिअरिंग आणि सीटच्या मधे चेपून बसले आणि मिस्त्रीभाऊ बाहेर पोट धरून हसताहेत. जितकी बटणं जास्त तितका जुन्या गाडीत घोर जास्त, हे तिथेच समजलं. दुसऱ्या गाडीचा गालिचा उचलला तर खाली वाळलेला गाळ. पुरात बुडालेली, धुऊन-पुसून, अत्तर मारून उभी केलेली. मी विकणाऱ्याला तिथल्या तिथे असं झाडलं की चहा आणायला गेलेला माणूस दारातच थांबला.

तिसरी एका कापूसवाल्या शेठजींची. एकाच मालकाची, डिझेलची, रंग उडालेली, खिडक्या हातानं फिरवायच्या. शेठजी वारले म्हणून पोरांनी विकायला काढली होती. मी बोनेटवर हात ठेवला, थंड होतं, म्हणजे आम्ही येण्याआधी इंजिन तापवून ठेवलं नव्हतं. चावी फिरवताच सुरू झाली. धूर थोडा काळा निघाला आणि विरला. ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं, पांढरा फेस नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नव्हतं. पार्ट नागपूरलाच मिळतात हे दोन दुकानांत विचारून घेतलं. मग मिस्त्रीभाऊंना चालवायला बसवलं आणि मी मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटले. ते फिरवत राहिले. ब्रेकरवरून नेली, उखडलेल्या गल्लीतून नेली. मी बाबांच्या जागी बसून बघत होते. कुठेच दुखलं नाही.

"हीच घ्यायची," मी म्हटलं. मिस्त्रीभाऊ पार्ट घ्यायला नागपुरातच थांबले. घरी परतताना नाक्यावरच्या पोलिसानं मला कडक सलाम ठोकला, मग आत एकटी सुती साडीतली बाई बघून हात हळूच खाली घेतला. मी पुढे जाऊन एकटीच हसत सुटले.

पुढच्याच रविवारी गावाला निघाले. डांबरी रस्ता होता तोवर राणीसारखी गेली. गावाकडे वळायचं तिथे मोहाचं एक मोठं झाड आहे. तिथून पुढे धानाच्या बांध्यांमधून कच्ची वाट. बैलगाड्यांच्या चाकांनी दोन्हीकडे खोल खड्डे पाडलेले आणि मधे मातीचा उंचवटा. चार पावलं गेली असेल नसेल, गाडीचं पोट त्या उंचवट्यावर टेकलं आणि असा काही आवाज आला की माझ्याच पाठीतून कळ गेली. अग बाई! सगळं तपासलं मी, जमिनीपासून पोट किती उंच आहे एवढं तपासलं नाही. लहानपणापासून ज्या वाटेवर चालले तीच विसरले. स्वतःला यथेच्छ शिव्या घालत गाडी मागे घेतली, मोहाखाली लावली आणि घरापर्यंत पायी गेले.

"बाबा, गाडी आनली. तुमच्या पाठीसाठी आनली. आता काई बोलू नका."

"घेतलीच का वं?"

"घेतली."

मग ते उठले, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, केस विंचरले. पिशवी अगदी लहान घेतली. मी म्हटलं, बाकीचं नंतर आणू. शेजारच्या गोंड दादांनी रेंगी जुंपली. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी, लहान बैलगाडी. तिच्यात धानाच्या तणसाचा जाड थर घालून दादांनी बाबांना अलगद मोहापर्यंत आणलं. मी पुढे जाऊन गाडीचं दार उघडलं, सीटवर चादर नीट केली. ते दोघं रेंगीपाशी काहीतरी बोलत होते. मी हॉर्न वाजवला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

जन्मभर गाडी चालवलेला माणूस त्या दिवशी मागे बसला. आरमोरी गेली तशी मी विचारलं.

"बाबा, पाठ?"

"पाठ कुठी हाये तेच समजून नाई राह्यलं वं," ते म्हणाले. मला समोरचा रस्ता दिसेना, डोळे पुसून घेतले.

ते तीन दिवस मी जेवढं बोलले तेवढं आधीच्या तीन वर्षांत बोलले नसेन. दवाखान्यातली भांडणं, आईची आठवण, भाजीचे भाव, काय वाटेल ते. बाबा भिंतीची कांब धरून बसायचे आणि ऐकायचे. मी ड्यूटीवर गेले की ते खिडकीत बसून राहायचे. शेजारच्या क्वार्टरांची दारं दिवसभर बंद असायची. बुधवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर ते सदरा घालून, पिशवी घेऊन उभे.

"चाल, सोडून दे मले घरी."

"काऊन? काई कमी पडलं का?"

"नाई वं बाई. लई केलं तू."

मी लाटणं आपटलं. ओरडलेच. "तुमची पाठ, तुमची पाठ म्हनून मी हे सगळं केलं!"

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पाठ दुखून नाई राह्यली म्हनून त जाऊ शकतो. बसनं आलो असतो त परत जाची हिंमतच नसती झाली."

मी रजा टाकली आणि निघाले. सगळ्या वाटेत मी देवाकडे एवढंच मागत होते, एखादं टायर फुटू दे, काहीतरी तुटू दे. जंगलातून ती गाडी अशी गेली की जणू कालच कारखान्यातून आली होती. मागे बाबांचा डोळा लागला होता.

वळणावर पोचलो. मोहाखाली रेंगी उभी होती. बैल सोडलेले, तणीस खात होते, दादा सावलीत बसले होते. मी कोणाला निरोप दिला नव्हता. गावात फोनही नव्हता.

"तुमाले कोनं सांगतलं आमी येतो म्हनून?"

"बाबाजीनंच त," दादा म्हणाले. "नेलं त्याच दिवशी. बुधवारी दुपारी येजो म्हने."

मी त्यांना राहायला नेत होते. ते मला भेटायला आले होते.

दादांनी बाबांना हात देऊन तणसात बसवलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, सदऱ्याची बटणं चाचपत राहिले. रेंगी बांध्यांमध्ये उतरली. मी गाडीचं मागचं दार धरून उभी होते, ते लावायचं मला सुचलंच नाही.