ग्रेसच्या रुमालाची गाठ

ग्रेसला राग आला की ती बोलत नसे. डोक्याला बांधलेल्या फुलाफुलांच्या रुमालाचं टोक पुढे ओढायची, त्याला एक गाठ मारायची आणि कामाला लागायची. राग फिटला की गाठ सोडायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "विसरू नये म्हणून."

मुलांनो, ती केनियाची. तिच्या चर्चच्या मंडळीने तिला दोन वर्षं सेवेसाठी कंधारजवळच्या आपल्या गावी पाठवलं होतं. गावात इंग्रजी बोलणारी मीच, म्हणून ती आपल्याकडे राहिली. शाळेतली पोरं तिच्या केसांना हात लावून पळायची. पहिल्या आठवड्यात आपल्या ठेच्याने तिचे डोळे पाण्याने भरले. महिन्याभरात ती ठेचा मागून घेऊ लागली. चर्चला आपण देऊळच म्हणतो. तिथे ती पुरुषांच्या बाजूला जाऊन बसली, तेव्हा शेजारच्या सुंदराबाईने तिला दंडाला धरून बायकांत आणलं. मराठीही तिने सुंदराबाईकडूनच उचललं. "मी जेवून राहिले," म्हणायची. मी सुधारायची, "जेवते आहे म्हण." ती म्हणायची, "टीचरबाई, तुमचं मराठी पुस्तकात हाय. सुंदराबाईचं चुलीपाशी हाय."

आपल्या मंडळीत सुगीचा सण असतो, तो तुम्ही पाहिलेला नाही. प्रत्येक घर पिकातलं काहीतरी वेदीपाशी आणून ठेवतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. किंमत महत्त्वाची नसते. तुमच्या वस्तूवर लोक चढाओढीने बोली लावतात, हा तुमच्या घराचा मान. ग्रेसला फार आनंद झाला, कारण तिच्या गावच्या देवळातही अगदी हीच रीत होती. तिने माझ्या परसात मका लावला, स्वतः दळला आणि त्याचा मोठा पाव भाजून, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून वेदीपाशी नेला.

लिलाव पुकारायचे शिमोनराव. मंडळीचे पंच, दारात ट्रॅक्टर, आवाज खणखणीत. त्यांनी फडकं उचललं, पाव पाहिला आणि म्हणाले, "ह्या काळ्या हातचं कोन खाईल? सारा बाजूला. गाईला होईल." पुरुष हसले. बायकांतल्याही काही हसल्या.

ग्रेसने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाले?" मी एकही शब्द न गाळता तिला इंग्रजीत सांगितलं. तिने रुमालाचं टोक पुढे ओढलं.

त्यानंतर वर्षभर ती गाठ तशीच होती. रुमाल धुतला तरी ती सुटायची नाही. शिमोनरावांच्या सुनेचं बाळंतपण अवघड झालं, तेव्हा त्यांच्या घरी उशाशी बसून राहिली ती ग्रेसच. परत आली तेव्हा मी आधी रुमाल पाहिला. गाठ होती. मला बरं वाटलं. ख्रिस्ती बाईला हे शोभत नाही, हे मला कळतं.

एकदा सुंदराबाईने विचारलं, "गिरेस, ही गाठ कुनाच्या नावाची?" ग्रेसने सांगितलं. सुंदराबाईने आपल्याही पदराला गाठ मारली. पुढच्या सुगीपर्यंत देवळातल्या बायकांच्या बाजूला गाठ नसलेला पदर शोधावा लागला असता.

त्या वर्षी शिमोनरावांनी बोकड आणला होता, गळ्यात झेंडूची माळ घालून. बोकड पुढे घेऊन ते स्वतःच पुकारू लागले, "बोला मंडळी! लई जतन केलेला हाय. बोला!"

कुणी बोललं नाही. पुरुष छताकडे पाहत होते. बोली लावणाऱ्याला घरी भाकर मिळणार नाही, असं त्यांना आदल्या दिवशीच सांगितलेलं होतं. शिमोनराव हसले, पुन्हा पुकारले. मग आवाज खाली आला. बोकड तेवढा ओरडला. देवाला दिलेली वस्तू देणाऱ्याने परत घ्यायची नाही, हा नियम त्यांनीच सगळ्यांना शिकवलेला.

तेव्हा ग्रेस उठली. "एक रुपया."

तो बोकड तिने संध्याकाळच्या जेवणाला मंडळीलाच दिला आणि स्वतः शिजवला. सोबत मक्याचे पाव भाजले. पंगत बसली. ती वाढत वाढत शिमोनरावांपाशी आली, पळी खाली ठेवली आणि हाताने पाव मोडून त्यांच्या ताटात ठेवला.

"खा, दादा. काळ्या हातचं हाय."

पंगतीतले हात थांबले. शिमोनरावांनी बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या ओळीत पाणी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "खावा की आता. का गाईला ठेवता?"

त्यांनी खाल्लं. ताट रिकामं होईपर्यंत ग्रेस तिथून हलली नाही. मग तिने रुमालाचं टोक पुढे घेतलं. गाठ इतकी घट्ट बसली होती की तिला दात लावावे लागले.

ती परत निघाली तेव्हा नांदेडच्या स्टेशनवर मी विचारलं, "शिमोनरावांना माफ केलंस ना?"

"ते तर कवाच केलं, टीचरबाई. पन कशाची माफी, हे त्यांना कळाया पाहिजे का न्हाई?"

काल फोनवर तुम्ही सांगितलंत, की शाळेत डबा उघडला की शेजारची मुलं नाक धरतात, म्हणून आता तुम्ही डबा उघडतच नाही. उद्यापासून उघडा. सगळ्यांच्या मधे बसून, शेवटच्या घासापर्यंत खा. आणि कोण हसलं ते नीट पाहून ठेवा. तुमच्याकडे पदर नाही, रुमाल चालेल.

माझ्या पदराला मी कालच गाठ मारली आहे.